कोरड्या ढगांचा उजेड

स्वरदाचं पत्र कुठे ठेवलं आहे, हे हेमचंद्रांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कपाटाच्या दुसऱ्या फळीवर, शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात, 'त' अक्षराच्या आसपास. चौदा महिने ते तिथेच होतं. एरवी आलेल्या पत्राला आठ दिवसांच्या आत उत्तर धाडणारा हा माणूस; या एका पत्राचं उत्तर मात्र त्यांच्या हातून झालं नाही. तेव्हापासून शब्दकोशाचा तो खंडही त्यांनी उघडला नव्हता. त्यातला एखादा शब्द अडला तर अंदाजावर भागवत.

स्वरदा त्यांची जुनी विद्यार्थिनी. हेमचंद्र शहरातल्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होते तेव्हा ती दहावीला होती. पुढे लग्न होऊन आंबोलीला गेली. आंबोली म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचं, जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगात बुडालेलं गाव. तिने लिहिलं होतं:

'सर, माझी मुलगी हिमानी सात वर्षांची आहे. तिला दमा आहे. पावसाळ्यात दिवसातून तीनदा मशीनने औषधाची वाफ द्यावी लागते, आणि पावसाळ्यातच आमच्याकडे तारांवर झाडं पडून दोन-दोन दिवस लाइट जाते. घरावर सोलर लावावं असं मनात आहे. सगळे हसतात. चार महिने सूर्य दिसत नाही तिथे सोलर कसलं, म्हणतात. पण तुम्ही एकदा वर्गात म्हणाला होतात, ढगाळ दिवशीही खिडकीशी बसून पुस्तक वाचता येतं, म्हणजे उजेड पोचतोच आहे. ते मी विसरले नाही. तर सर, लावू का? तुम्ही सांगाल तसं करते.'

तुम्ही सांगाल तसं! असं कुणी म्हटलं की हेमचंद्र दोन पावलं मागे सरत. वर्गात बोललेलं एक वाक्य एवढी वर्षं कुणी जपून ठेवील आणि एक दिवस त्याच्या भरवशावर लेकरू आणून ठेवील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पुस्तक वाचण्याइतका उजेड असणं वेगळं आणि मशीन चालण्याइतकी वीज मिळणं वेगळं. किती मिळते, हे त्यांनी स्वतः कधी मोजलं नव्हतं. मोजायचं तर आपल्याच गच्चीवर जायला हवं होतं, आणि गच्चीवर जायला ते धजत नव्हते.

त्याचं कारण असं.

गारखेड्यातल्या त्यांच्या गल्लीत पहिलं सोलर त्यांच्याच घरावर बसलं. आठ पॅनल, चार-चारच्या दोन ओळी. पाऊस आपल्या हातात नाही, पण ऊन तरी आपल्या मालकीचं आहे, असं ते तेव्हा भेटेल त्याला सांगत. मितभाषी माणूस, पण त्या दिवसांत उन्हाविषयी बोलायला लागला की थांबत नसे. गल्लीतली माणसं जिना चढून पाहायला येत. दोन वर्षं झकास गेली.

त्यांच्या दक्षिणेला आप्पासाहेबांचं घर होतं, तेव्हा एक मजल्याचं. आप्पासाहेब मूळचे देवगाव रंगारीचे, शेतकरी घरातले. शहर पसरत गेलं, शेंद्र्याच्या कारखान्यांत नोकरीला येणाऱ्यांना राहायला जागा लागायला लागली, तसे ते इमारती बांधायला लागले. स्वतःच्या घरावरही तीन मजले चढवून खोल्या भाड्याने द्यायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी शेजाऱ्याची 'हरकत नाही' अशी सही हवी होती.

महिना मे होता. आदल्या दिवशी आप्पासाहेबांच्या घरून गावरान आंब्यांची पाटी आली होती. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा हेमचंद्रांच्या घरातला पिढ्यानपिढ्यांचा नेम. चमचाभर साखर का होईना, घालून द्यायची. नेमक्या अंबिकाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, बहिणीकडे गेल्या होत्या. आप्पासाहेब पाटी न्यायला म्हणून स्वतः आले आणि बोलता बोलता खिशातून कागद काढला. हेमचंद्र स्वयंपाकघरात गेले, तीन डबे उघडून पाहिले. द्यावं असं काही सापडेना. साखरेच्या डब्यात मुंग्या झालेल्या. बाहेर आले तेव्हा आप्पासाहेब रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसले होते. त्या पाटीकडे पाहून हेमचंद्रांना इतका संकोच झाला की त्यांनी पेन उचललं आणि सही केली. साखरेच्या जागी सही दिली म्हणा.

शेजारी मजले चढणार हे कानावर आलं होतं, म्हणून त्याआधी दुपारी ते गच्चीवर जाऊन आले होते, हेही खरं. मे महिन्यात या शहरात सूर्य डोक्यावरून जातो, माणसाची सावली पायाखाली मावते. शेजारच्या घराची सावली वीतभर होती. बघ, सावली पडत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पस्तीस वर्षं पोरांना सूर्याचं दक्षिणायन शिकवलेल्या माणसाने! डिसेंबरात काय होणार, हे त्यांना सही करतानाच ठाऊक होतं.

झालंही तसंच. दिवाळी आली की चार मजल्यांच्या त्या भिंतीची सावली दुपारभर गच्चीवर येऊन बसे, ती होळीला उठे. ओळीतलं एक पॅनल सावलीत गेलं की बाकीची तीनही मान टाकत. घरातही दिवसा दिवा लावावा लागे. दक्षिणेच्या खिडकीतून पूर्वी लिंबाचं झाड दिसे. आता हातभर अंतरावर गिलावा आणि त्यावरून उतरलेले सांडपाण्याचे पाइप. हेमचंद्र खुर्ची ओढून ओढून उजेडाच्या मागे जात आणि शेवटी पुढच्या दाराशी येऊन टेकत. वरच्या दहा खिडक्यांतून कुणी ना कुणी खाली बघत असे, म्हणून गच्चीवर जाणं त्यांनी सोडलंच. याबद्दल आप्पासाहेबांना ते चार वर्षांत अवाक्षर बोलले नव्हते. दिसले की नमस्कार करत आणि मग दिवसभर स्वतःवर चिडत.

अंबिकाबाईंना सगळं माहीत होतं. "सावली मोजायला मे महिना बरा निवडलात हो," असं त्या दर दिवाळीला एकदा म्हणत. फराळासारखंच ते ठरलेलं होतं.

अशा माणसाने कुणाला कोणत्या तोंडाने सांगायचं, सोलर लाव म्हणून? पत्र शब्दकोशात गेलं, ते असं.

दुसरं पत्र आलं ते पुढच्या वर्षी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. त्या वर्षी पावसाने दडी मारली होती. तशी ढगांची काही कमी नव्हती. आभाळ रोज सकाळी भरून येई, दिवसभर राखेसारखं डोक्यावर टेकलेलं राही आणि थेंब न टाकता संध्याकाळी निघून जाई. नळाला आठव्या दिवशी पाणी, बोअर आटलेलं, गल्लीत टँकर. ऊनही नाही आणि पाऊसही नाही, अशा त्या दिवसांत शहरावर झाकण ठेवल्यासारखं वाटे.

पत्र छोटं होतं. 'सर, मागचं पत्र पोचलं नसावं असं धरून लिहिते. गेल्या पावसाळ्यात लाइट नव्हती तेव्हा हिमानीला रात्री जीपमध्ये घालून घाट उतरून सावंतवाडीला न्यावं लागलं. आता आम्ही ठरवलंय. गणपती झाले की सोलर कंपनीची माणसं येतील. मोठं सोलर आहे, लाइटच्या तारेला जोडायचं. बिल येणार नाही म्हणतात. तुमचं काही वेगळं मत असेल तर कळवा.'

हेमचंद्रांनी पत्र खाली ठेवलं.

तारेला जोडायचं सोलर त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर होतं, त्यामुळे त्याची खोड त्यांना पक्की माहीत होती. लाइट गेली की तेही बंद पडतं. मुद्दाम तसं केलेलं असतं. तार दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपल्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून. भर उन्हात आठ पॅनल चकाकत असतात आणि खाली पंखा हलत नाही. म्हणजे स्वरदाला जेव्हा वीज हवी, नेमकी तेव्हाच तिला ती मिळणार नव्हती. हे सांगायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. चौदा महिन्यांपूर्वी पुरलं असतं, आणि कदाचित त्या जीपची वेळ आली नसती.

अंबिकाबाईंनी पत्रातल्या नंबरवर फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दुसऱ्या दिवशीही तेच.

"मग लिहा की," त्या म्हणाल्या.

"काय लिहू? हे नको, एवढं लिहिता येईल. पण मग काय लाव? ते मला माहीत नाही."

"माहीत करून घ्या. गणपतीला अजून महिना आहे."

आणि हेमचंद्र चार वर्षांनी गच्चीवर गेले.

शाळेने टाकून दिलेलं विज्ञान प्रदर्शनातलं एक जुनं छोटं पॅनल त्यांच्याकडे होतं. माळ्यावरून ते उतरवलं. गल्लीतला मोतीराम वायरमन एक बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर जोडून देऊन गेला. तारेशी काही संबंध नाही, सगळं स्वतंत्र. राहिलं वाफेचं मशीन. तसं मशीन जवळपास एकाच घरी होतं. आप्पासाहेबांच्या आई भागूबाईंना दम्यासाठी ते लागे, आणि नवीन आणल्यापासून जुनं पडून होतं. हेमचंद्र दोन वेळा फाटकापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या वेळी भागूबाईंनीच वरून हाक मारली आणि काय हवं विचारलं. त्यांनी मशीन तर दिलंच, वर वाफ किती वेळ घ्यायची तेही समजावून सांगितलं. आणखी एक उपकार अंगावर घेऊन हेमचंद्र घरी आले.

सकाळ, दुपार, संध्याकाळ ते जिना चढत. गुडघे कुरकुरत. मशीन दहा मिनिटं चालवत; ते गुरगुरे आणि त्याची नळी मोकळ्या हवेत पाण्याची वाफ सोडत राही. वरच्या खिडक्यांतून लोक बघत. काकांना दमा झाला वाटतं, असं कुणी म्हणालं. तर दुसरं कुणी, की काका गच्चीलाच वाफ देताहेत. हेमचंद्रांचे कान लाल होत, पण ते मान खाली घालून आकडा टिपून घेत. संध्याकाळी दोन छोटे दिवेही त्याच बॅटरीवर लावत. दम्याच्या लेकराला अंधारात बसवून कसं चालेल?

चार दिवस बरे गेले. ढग होते, तरी बॅटरी सांभाळून घेत होती. पाचव्या दिवशी आभाळ इतकं उतरलं की दुपारी चारलाच दिवेलागण झाल्यासारखं झालं. संध्याकाळी तिसऱ्या वेळी मशीन सुरू केलं, ते दोन मिनिटं रडल्यासारखं वाजलं आणि थांबलं.

आणि हेमचंद्रांना, खोटं कशाला सांगा, सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे आपण उत्तर दिलं नाही तेच बरोबर होतं. 'होत नाही' असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. हे मनात आलं तसं दुसऱ्या क्षणी त्यांना त्या बंद मशीनसमोर एक लहानगी पोर बसलेली दिसली, आणि ते तसेच पायरीवर बसले.

अंबिकाबाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला वर आल्या होत्या. त्यांनी काय झालं ते ऐकून घेतलं.

"एका पॅनलला जमत नाही, तर दोन लावा," त्या म्हणाल्या. "वरण कमी पडलं म्हणून आपण जेवायचं सोडतो का?"

मोतीरामने त्याच मापाचं दुसरं जुनं पॅनल आणून दिलं. त्यानंतरचे चौदा दिवस मशीन एकदाही थांबलं नाही. एका दुपारी गल्लीची लाइट पाच तास गेली. मोठी आठ पॅनल कोरड्या विहिरींसारखी पडून होती, आणि कोपऱ्यातली दोन जुनाट पॅनल राखाडी आभाळाखाली मशीन गुरगुरवत होती. हेमचंद्रांनी आकडा लिहिला आणि पहिल्यांदाच मान वर करून खिडक्यांकडे पाहिलं. तेव्हा कुणीच बघत नव्हतं.

स्वरदाचा फोन अजूनही लागत नव्हता; आता पत्र लिहायचं तेवढं राहिलं होतं. त्यांनी चार मसुदे केले आणि चारही फाडले. अडत होते ते एकाच ठिकाणी. भिंतीने आपलं अर्धं आभाळ खाल्लं आहे, त्यामुळे आपले आकडे खऱ्यापेक्षा कमी असतील, हे सांगायला हवं. भिंत सांगायची तर सही सांगायला हवी. सही सांगितली तर कोण आपल्या सल्ल्यावर विश्वास ठेवील? गणपती बसायला नऊ दिवस उरले होते.

त्याच सकाळी आप्पासाहेब आले. हेमचंद्रांनी घाईने मशीन आणून पुढे ठेवलं.

"राहू द्या वं गुरुजी, काय घाई नाय," आप्पासाहेब म्हणाले. "आईकडं दुसरं हाय." मग त्यांनी पिशवीतून कागद काढला. आणखी दोन मजले चढवायचे होते. इथं अन् इथं, असं बोटाने दाखवत त्यांनी पेनही काढून दिलं.

हेमचंद्रांनी पेन हातात घेतलं. कागद तोच, शब्द तेच. आपण पुन्हा सही करणार हे त्यांना दिसत होतं. जणू सही करणारा हात दुसऱ्याचाच होता. मशीन टेबलावर होतं. तीन आठवडे फुकट वापरलेलं. त्यांच्या तोंडून जे निघालं ते ठरवून निघालं नाही.

"आप्पासाहेब, मागची सही मी मनाविरुद्ध केली होती."

"म्हंजे?"

"दिवाळीपासून होळीपर्यंत तुमच्या भिंतीची सावली माझ्या पॅनलवर असते. असं होणार, हे मला सही करतानाच माहीत होतं."

"म्हाईत व्हतं, आन् केली सही?"

"तुमची पाटी रिकामी द्यावी लागली असती," हेमचंद्र म्हणाले, आणि कसंबसं सगळं सांगितलं. आंबे, मुंग्या झालेली साखर, वीतभर सावली.

आप्पासाहेबांना आधी हसू आलं. मग ते आवरलं. उठून ते खिडकीशी गेले आणि आपल्याच घराची भिंत त्यांनी या बाजूने पहिल्यांदा पाहिली. बराच वेळ पाहिली.

"गुरुजी, तवा प्लॅन कागदावरच व्हता," ते म्हणाले. "जिना आन् टाकी तुमच्या अंगाला घेतली, ती पलीकडं घेता आली असती. पाच-सात फूट मागं सरकता आलं असतं. येक शब्द बोलायचा व्हता."

हेमचंद्रांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"तुमाला वाटत असंल, गप बसून लई मोठं मन केलं. नाय गुरुजी. तुमी मला चोर केलं. चार वर्सं मी तुमचं ऊन खातोय, आन् मलाच ठावं नाय."

मग त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. खोटं बोलायला त्यांना जमत नसावं, कारण दारात थांबून त्यांनी हेही सांगितलं की पाया हाय तिथंच हाय, भिंत आता मागं जायची नाय, आन् सही असो नसो, मजले चढतेलच. मशीन मात्र ते नेईनात. ते टेबलावरच राहिलं.

अंबिकाबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवला. हेमचंद्र भिंतीकडे बघत होते. ती उद्याही तिथेच असणार होती, पुढच्या वर्षी आणखी वीस फूट उंच. त्यात आता फरक पडणार नव्हता. वेळ होती तेव्हा एक शब्द पुरला असता, आणि तो त्यांनी दाबून ठेवला होता. पण आंबोलीत अजून सगळं कागदावरच होतं. गणपतीला अजून नऊ दिवस होते.

ते दाराशी उजेडात येऊन बसले आणि मसुदा न करता लिहायला लागले.

'चि. स्वरदास अनेक आशीर्वाद. तुझं पहिलं पत्र मला पोचलं होतं. उत्तर दिलं नाही, तो दोष माझा. तुला घाट उतरावा लागला, त्यात माझा वाटा आहे, हे मी जाणतो.

कंपनीची माणसं जे बसवणार आहेत ते तुझ्या कामाचं नाही. तुमच्याकडची लाइट गेली की तेही बंद पडेल. विचारून बघ, खरं बोलणारा असेल तर कबूल करील. पुढे कधी बिलासाठी लावायचं तर लाव, पण हिमानीसाठी वेगळं लाव. दोन लहान पॅनल, एक बॅटरी, एक छोटा इन्व्हर्टर, तारेशी संबंध न ठेवता. त्यावर मशीन आणि दोन दिवे, एवढंच. फ्रीज, मिक्सर, टीव्ही यातलं काही त्याला जोडू नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी.

हे मी गच्चीवर करून पाहिलं आहे. एका पॅनलने पाचव्या दिवशी दगा दिला. दोन पॅनलने चौदा ढगाळ दिवस निभावले. पण माझे ढग कोरडे आहेत, तुझे जाड आणि ओले. तुला माझ्यापेक्षा कमी मिळेल. उलट माझं अर्धं आभाळ शेजारच्या भिंतीने अडवलं आहे. ती भिंत वर जात असताना मी भिडेखातर गप्प राहिलो, आणि आज ती हलत नाही. तुझं आभाळ मोकळं असेल तर तेवढं तुला जास्त मिळेल. वजाबाकी-बेरीज कुठे येऊन थांबते ते मला नक्की सांगता येत नाही. म्हणून तू तीन पॅनल लाव, आणि बॅटरी तीन दिवस पुरेल एवढी मोठी घे. पॅनलवर शेवाळ धरेल, ते आठवड्याला पुसायचं. तरीही एखादा दिवस कमी पडेल, त्या दिवसासाठी डॉक्टरांना विचारून हाताने दाबायचा पंप घरात ठेव.

मी चुकत असेन तर मला लिही. तुझा, हेमचंद्र सर.'

खाली त्यांनी रोजचे आकडे उतरवले, पाचव्या दिवसासकट. पाकीट चिकटवलं, पत्ता दोनदा तपासला. अंबिकाबाई बरोबर येते म्हणाल्या, पण ते एकटेच निघाले. रिक्षा मिळेना, तेव्हा पायी निघाले. टँकरपाशी रांग लागली होती, तिच्यातून वाट काढत पोस्टात पोचले तेव्हा स्पीड पोस्टची खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती.

पुढे तिघे होते. एरवी या वेळात त्यांनी पाकीट खिशातून काढून, एखादं वाक्य चुकलं असेल म्हणून परत नेलं असतं. त्यांनी ते खिशात ठेवलंच नव्हतं. हातात धरलं होतं, घामाने एक कोपरा मऊ झाला होता.

कारकुनाने पाकीट वजनाला टाकलं, गावाचं नाव मोठ्याने वाचून खात्री केली, पावती फाडली आणि पाकीट मागच्या पोत्यात सोडलं. हेमचंद्र पावती धरून तिथेच उभे राहिले.

"झालं का काका?" मागच्या बाईने विचारलं.

"झालं," ते म्हणाले, आणि बाजूला सरकले.